वडापच्या जीपमधून कॉम्प्युटरच्या पाठीशी

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. माझ्या अंगावर हिरवट गंज आहे, दोन ठिकाणी डाग दिल्याच्या गाठी आहेत आणि खालच्या कोपऱ्याला पोचा आहे. मी एका जुन्या जीपचा रेडिएटर आहे आणि सध्या एका कॉम्प्युटरच्या मागे उभा असतो. तुमच्यातला एखादा शहाणा लगेच म्हणेल, जीपचा रेडिएटर कॉम्प्युटरला? काहीतरीच! मोठमोठी माणसंही असंच म्हणाली होती. ती चुकली. कशी चुकली ते सांगतो, पण ऐकताना मध्येच मोबाईल काढायचा नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यात झाला. तांब्याच्या चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये कागदासारखे पातळ पत्रे, वर आणि खाली पितळेची टाकी, सगळं डाग देऊन सांधलेलं. ज्या बाईने माझ्या नळ्या ओळीने लावल्या तिचं नाव मला माहीत नाही. कारखान्याच्या दारावर मालकाचं नाव होतं, तिचं नव्हतं. माझं काम समजायला सोपं आहे. इंजिनात तापलेलं पाणी वरून माझ्यात येतं, नळ्यांतून खाली उतरतं, पत्र्यांमधून वारा वाहतो, आणि गार झालेलं पाणी परत इंजिनाकडे जातं. आवाज इंजिन करतं, नाव इंजिनाचं होतं. मी मुकाट्याने उष्णता बाहेर टाकत राहतो.

हरिश्चंद्र नावाच्या माणसाची जीप होती. रत्नागिरी ते जयगड वडाप करायचा तो, म्हणजे भाड्याने माणसं भरून न्यायचा. जीप दहा माणसांची, बसायची सतरा, आणि टपावर मासळीच्या पाट्या. सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची, चढण आली की इंजिन धापा टाकायला लागायचं. तेव्हा हरिश्चंद्र स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचा, "चल रे राजा, वरती वारा हाय!" रोज सकाळी पहिली फेरी सोडण्याआधी तो माझं झाकण उघडून आत बघायचा. एकदा एक पॅसेंजर त्याच्यावर खेकसला, "ओ, सोडा की गाडी! पोर्टावर हजेरी लागते माझी."

"तुझी हजेरी गेली तर अर्धा दिवस जाईल," हरिश्चंद्र मान वर न करता म्हणाला. "याचं पाणी गेलं तर इंजिन जाईल. गप बस."

चौदा वर्षांत मी एकदाही उकळलो नाही. भर मे महिन्यात नाही, वर्‍हाडाचे तीस जण कोंबले तेव्हा नाही. हरिश्चंद्र सगळ्यांना सांगायचा, "माझ्या रेडिएटरसारखा रेडिएटर तालुक्यात नाय." हे ऐकून मला काय वाटायचं ते तुम्हाला कळेल. तुमचंही कोणी कधी कौतुक केलंच असेल. नसेल केलं तर ती त्यांची चूक.

मग जीपचं वय संपलं. ती भंगारात गेली. हरिश्चंद्राने मला मात्र काढून घेतलं. "हा तांब्याचा हाय, हा देत नाय," म्हणाला. घरी आणलं आणि गोठ्यामागे माडाला टेकवून ठेवलं. त्याला सहा वर्षं झाली. खाऱ्या वाऱ्याने माझे पत्रे खाल्ले. एका कोंबडीने माझ्या वरच्या टाकीवर बसून आपली दोन पिढ्यांची पिल्लं मोठी केली. आल्यागेल्याला हरिश्चंद्र सांगायचा, "जपून ठेवलाय हो मी तो." ह्याला जपणं म्हणतात! माणसं फेकायला लाजतात म्हणून गोठ्यामागे ठेवतात आणि त्याला जपणं म्हणतात. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

आता माझ्या दुसऱ्या जन्माकडे येतो.

हरिश्चंद्राची बहीण मथुरा खारवाडीत दिली आहे. खारवाडी म्हणजे जयगडच्या वाटेवर, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी वसलेली मासेमारांची वाडी. मथुरेचा नवरा सखाराम. तो बारा वर्षं मोठ्या बोटीवर इंजिनखोलीत ऑइलमन होता. जगभर फिरला, पण जग त्याने बघितलं ते बोटीच्या पोटातून. नंतर घरी येऊन स्वतःची होडी घेतली. या दोघांची मुलगी दर्शना. तिने रत्नागिरीत सिव्हिलचा डिप्लोमा केला, आणि पाण्याचा जोर, वाळू, भरती-ओहोटी यांचं गणित कॉम्प्युटरवर कसं मांडायचं ते स्वतःच शिकली. कोणी शिकवलं नाही. शिकवायला वाडीत होतं कोण?

एप्रिलमध्ये खारवाडीत सरकारी बैठक झाली. पर्यटकांच्या बोटींसाठी जेटी बांधायची होती. दीडशे मीटर लांब, भरीव, दगड-काँक्रीटची, आणि थेट खाडीच्या तोंडात. वाडीच्या एकवीस होड्या त्याच तोंडातून समुद्रावर जातात. दुसरी वाट नाही.

सखाराम उभा राहून म्हणाला, "साहेब, जेटीला आमची ना नाय. पण भरीव भिंत घातलीत तर पाण्याचा जोर मोडेल न् वाळू तोंडातच बसेल. दोन वर्षांत ओहोटीला एक होडी भायर पडणार नाय. खांबांवर बांधा. खालून पाणी जाऊ दे."

साहेब म्हणाले, "काका, भावनेवर कामं होत नाहीत. आकडे आणा."

मित्रांनो, त्या पाण्यावर वाढलेला माणूस बोलतो ती भावना, आणि ज्याचा पाय त्या खाडीत कधी भिजला नाही त्याचा नकाशा म्हणजे आकडे! धातूला राग येत नाही म्हणतात. खोटं आहे ते.

पुढची सुनावणी मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजता, ग्रामपंचायतीच्या सभागृहात ठरली. तोपर्यंत आकड्यांसकट हरकत आली नाही तर काम सुरू. दर्शना बैठकीत एवढंच बोलली, "आणते आकडे."

तिने बापाची होडी घेतली. दोरीला शिशाचा गोळा बांधला, दोरीवर खुणा केल्या आणि खाडीच्या तोंडाची खोली जागोजागी मोजली. चारशे बारा ठिकाणी. उन्हाने तिच्या नाकाची सालं निघाली. मग ती सगळी मापं तिने कॉम्प्युटरला दिली. खाडीचा तळ लाखो बारीक चौकोनांत कापायचा, आणि प्रत्येक चौकोनात एका वर्षाच्या भरती-ओहोटीत पाणी किती येतं, वाळू किती बसते, याचं गणित करायचं. एकदा भरीव भिंत धरून, एकदा खांब धरून. असली हजारो गणितं एकाच वेळी करतं ते ग्राफिक्स कार्ड. मुलं त्याच्यावर बंदुका चालवायचे खेळ खेळतात, तेच. दर्शनाने मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गेमिंगच्या दुकानातलं वापरलेलं कार्ड आणलं होतं. दांडगं कार्ड. पण दांडगं जनावर तापतंही तसंच.

मे महिना, वर पत्रा, समुद्राची दमट हवा. कार्डाचे पंखे किंचाळायला लागायचे आणि चाळीस मिनिटांत कॉम्प्युटर आपोआप बंद. टेबलफॅन लावला, कव्हर काढून ठेवलं, काही उपयोग नाही. गणिताला सलग बहात्तर तास लागणार होते. आणि सुनावणी नऊ दिवसांवर आलेली.

त्यात हरिश्चंद्रमामा आंबे घेऊन बहिणीकडे आला. दाराशीच म्हणाला, "काय गो दर्शने, तुझ्या कॉम्प्युटराला ताप आला म्हणे? अंगारा लाव जरा."

"मामा, चेष्टा नको. हे कार्ड तापतंय."

"मग वारा काय घालतंस? गाडी तापली की पाणी लागतं, पाणी!"

"ते माहीत आहे मला." दर्शना चिडलीच. "पाण्याने गार करायचा तांब्याचा ठोकळासुद्धा आलाय कार्डाबरोबर. हा बघा. पंप आहे, नळ्या आहेत. त्याचा रेडिएटर तेवढा फुटका आला. नवा मागवला तर दहा दिवस लागतील."

मामा आंब्याची पाटी खाली ठेवायला विसरला. "रेडिएटर?" म्हणाला. "गो बाय, माझ्याकडे तालुक्यातला एक नंबरचा रेडिएटर हाय. जपून ठेवलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला स्कूटरवर पुढे उभा करून घेऊन आला. कोंबडीने बराच विरोध केला.

मला बघून सखाराम हसला. "अरे, हा कॉम्प्युटरापेक्षा मोठा हाय! घोडा लहान न् खोगीर मोठं."

"मोठा आहे तेच चांगलं," दर्शना म्हणाली. "जास्त गार करील." आणि तिने माझ्या नळ्यांवरून बोट फिरवलं. सहा वर्षांत कोंबडीखेरीज पहिला हळुवार स्पर्श.

मला धुण्याचं काम मथुरेने घेतलं. कोकणातल्या बाईला तांबं-पितळ कसं उजळायचं ते शिकवावं लागत नाही. तिने आमसुलं उकळली आणि ते आंबट पाणी माझ्यात भरून ठेवलं. "घागर काय न् हा काय, मळ सारखाच," म्हणाली. संध्याकाळी माझ्यातून जे निघालं त्याचं वर्णन जेवायच्या वेळी ऐकू नये. मामाने मला शहरात नेऊन दोन गळक्या जागांना डाग देऊन आणलं. मग दर्शनाने मला बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने पाच वेळा खळखळून घेतलं, आतून निघणारं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेपर्यंत. तेच पाणी तिने यंत्रात भरलं. त्या पाण्यात क्षार नसतात, माती नसते, काही नसतं. ते तसंच हवं, कारण कार्डावर बसणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यात केसाएवढ्या बारीक चिरा असतात आणि पाणी त्यांतून जातं.

जोडणी अशी होती: लोणच्याची प्लास्टिकची बरणी हीच टाकी, तिच्यातून पाणी ओढणारा छोटा पंप, पंपातून ठोकळ्यात, ठोकळ्यातून माझ्यात, माझ्यातून परत बरणीत. माझ्यामागे उभा पंखा. चाचणीला दर्शनाने तीन तास कॉम्प्युटर पळवला. आधी नव्वदच्या वर जाणारं तापमान एकसष्टवर थांबलं. तिने काही उडी वगैरे मारली नाही. वहीत आकडा लिहिला आणि माझ्या टाकीवर दोनदा टिचकी मारली. मला पुरलं तेवढं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता गणित सुरू झालं. सोमवारी सकाळी सहाला संपणार होतं. दर सहा तासांनी केलेलं काम आपोआप साठवलं जात होतं. सगळं हिशेबात बसलेलं. नऊ वाजता दर्शना हरकतीचे कागद तयार करायला रत्नागिरीला गेली.

आणि सखाराम खोलीत आला.

मित्रांनो, सखाराम वाईट माणूस नव्हे. माझं नुकसान वाईट माणसांनी कधी केलंच नाही. त्याने बरणीत डोकावलं. नळ्यांतले बुडबुडे निघून गेले की पाणी दोन बोटं उतरतं, तसं ते उतरलं होतं. इंजिनखोलीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला उतरलेलं पाणी बघवत नाही. शिवाय खारवाडीची एक रीत आहे. होडीला नवं इंजिन आलं की त्याच्यात पहिलं पाणी वाडीच्या बावीचं पडतं. बाव म्हणजे विहीर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही या बावीचं पाणी नारळासारखं गोड आहे, आणि त्याचा वाडीला फार अभिमान आहे. ते पाणी तांब्यात घेऊन त्यात हळद-कुंकू घालतात, इंजिनाला ओवाळतात, नारळ फोडतात आणि ते पाणी इंजिनाला देतात. सखारामच्या घरात पहिल्यांदाच मुलीचं यंत्र लागलं होतं. मुलीने पूजासुद्धा केली नाही म्हणून त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

त्याने तांब्या भरून आणला. मला हळदीचं बोट लावलं. हात जोडले. आणि तो तांब्या बरणीत ओतला. मग, थोडं कमी वाटलं म्हणून, अजून अर्धा.

मी ओरडलो असतो. पण रेडिएटरला तोंड असतं ते फक्त पाणी घालायला.

जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी माणसाला अमृत असेल. त्या चिरांना ते विष होतं. वर हळद, वर कुंकू. शुक्रवार दुपारपर्यंत एकसष्टचे सदुसष्ट झाले. रात्री चौऱ्याहत्तर. दर्शनाला वाटलं, हवेमुळे असेल. तिने पंखा जवळ सरकवला. शनिवारी सकाळी दहा वाजता कार्ड सत्त्याण्णववर पोचलं आणि पडदा काळा झाला.

तिने ठोकळा उघडला. आत गेरूसारखा लालपिवळा चिखल बसला होता. बोटावर घेऊन तिने त्याचा वास घेतला.

"ही हळद आहे," ती म्हणाली. "पाण्यात हळद कोणी घातली?"

मथुरेने नवऱ्याकडे बघितलं. नवरा दाराबाहेर बघत होता.

"पूजा केली मी," सखाराम म्हणाला. "इंजिनाला पयलं पाणी बावीचं देतात."

"बाबा, बोटीवर काय करायचात? इंजिनाच्या आतल्या पाण्यात कोणी विहिरीचं पाणी ओतलेलं चाललं असतं?"

"छे! आतलं पाणी तपासून घालायचं. बाटलीत घेऊन परीक्षा करायची रोज. समुद्राचं पाणी भायरून जायचं न् त्याला गार करायचं. दोघांची गाठ पडली की चीफ इंजिनिअर माणसं खायचा."

"मग? एवढं सगळं माहीत असून?"

सखारामने ठोकळ्यावरचा चिखल बोटाने पुसला. मग म्हणाला, "ते कंपनीचं इंजिन होतं गो. हे घरचं."

मित्रांनो, हे वाक्य लिहून ठेवा. परक्याच्या वस्तूला माणूस नियमाने वागवतो आणि स्वतःच्या वस्तूला मायेने. मायेने बुडतात त्या वस्तूंची संख्या मोजायला दर्शनाचा कॉम्प्युटरही पुरणार नाही.

दर्शना खाली बसली. "चूक माझीपण आहे," म्हणाली. "बरणीत काय घालायचं ते मी कोणाला सांगितलंच नाही. मला वाटलं, कोण हात लावतंय." मग तिने बोटांवर मोजलं. शेवटचं साठवलेलं काम सकाळी सहाचं. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांचं गणित उरलं. सगळं धुऊन-पुसून परत सुरू करायला तीन तास. "दुपारी एकला सुरू केलं तर सोमवारी दुपारी एकला संपेल. सुनावणी अकराला आहे."

"साहेबांना सांगूया, दोन तास थांबा," मथुरा म्हणाली.

"ते थांबायला आलेले नाहीत, आई. वेग वाढवला तर जमेल. मी कार्डाचा वेग मुद्दाम बांधून ठेवलाय, जास्त तापू नये म्हणून. पण तो सोडायचा तर ते आणखी गार पाहिजे. पंख्याने एवढं गार होणार नाही."

सखाराम उठला. त्याचा आवाज बदलला होता. इंजिनखोलीत असाच बोलत असेल. "आतलं पाणी आत," तो म्हणाला, "भायरलं भायर. बावीचं पाणी भायरून दे. याला दोणीत उभा कर."

खिडकीबाहेर गुरांना पाणी पाजायची दगडी दोण होती. गुरं आता नाहीत, दोण आहे. दर्शनाने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दोणीकडे. "नळ्या पोचतील," ती म्हणाली. "विजेची एकही तार तिकडे जात नाही. बाबा, दोण घासा!"

मथुरेने दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि आमसुलाच्या पाण्याने ठोकळ्याच्या चिरा साफ केल्या, एकेक. दर्शनाने मला आणि सगळ्या नळ्यांना परत शुद्ध पाण्याने धुतलं. सखारामने दोण घासली आणि खडूने बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'. खाली सही केली. एक वाजायला दहा मिनिटं असताना मी गळ्यापर्यंत बावीच्या गार पाण्यात उभा होतो.

अडचण एकच. दोणीतलं पाणी माझ्यामुळे कोमट व्हायचं. तासाला चार कळशा नवं पाणी पाहिजे होतं. बावीचा पंप लावला की वाडीतलं व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटरला धोका. म्हणून पंप बंद, रहाटाने पाणी ओढायचं. दोन दिवस. ज्या वाडीत नळावरून भांडणं होतात त्या वाडीला हे सांगायला मथुरा गेली. काय सांगितलं देव जाणे, पण दुपारी शेजारची सखू कळशी घेऊन आली.

"माझ्या नवऱ्याला इतकी आंगोळ कधी घातली नाय मी," दोणीत कळशी रिकामी करत ती म्हणाली. "न् याला काय ती थंडाई!"

"तुझा नवरा गणितं करतो काय?" मथुरा म्हणाली.

"करतो की. बाटलीत किती उरली त्याची."

अशी हसत-भांडत वाडी पाणी ओढत राहिली. वाहून जाणारं कोमट पाणी माडांच्या आळ्यांत सोडलं होतं. आत माझ्यातून शुद्ध पाणी धावत होतं, बाहेर बावीचं पाणी मला बिलगून होतं, आणि दोघांच्या मध्ये माझ्या नळ्यांचा कागदाएवढा पातळ पत्रा. दोघांची गाठ पडू द्यायची नाही हे माझं काम. खालच्या डागाला ताण पडत होता, मला जाणवत होता. मी मनाशी ठरवलं होतं, हा डाग सुटणार नाही. सोमवारनंतर सुटला तर सुटला. कार्डाचं तापमान सेहेचाळीस झालं. दर्शनाने बांधलेला वेग सोडला. सत्तेचाळीस. तिथेच राहिलं.

सोमवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी गणित संपलं.

भरीव भिंत घातली तर पहिल्याच वर्षात खाडीच्या तोंडात पुरुषभर वाळू. खांबांवर बांधली तर वीतभर, आणि तीही एका बाजूला. दर्शनाने बापाला पडद्यावर दाखवलं. सखारामने पडद्याला नमस्कार करायला हात उचलला आणि खाली घेतला.

सुनावणीला मी नव्हतो. जे झालं ते सखारामकडून ऐकलं. त्याने ते आल्यागेल्याला सात वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी साहेबांची उंची थोडी कमी झाली. मी पहिल्या खेपेचं सांगतो, त्यात भर कमी आहे.

साहेबांनी कागद चाळले. "कोणी करून दिलं हे?"

"मी केलं," दर्शना म्हणाली.

"कुठल्या संस्थेत?"

"घरी."

"घरी?" साहेब हसले, त्यांच्या शेजारचे दोघेही हसले. "अहो, असल्या गणिताला केवढी यंत्रसामग्री लागते. वातानुकूलित खोल्या लागतात!"

"आमच्याकडे जीपचा रेडिएटर आहे," दर्शना म्हणाली. सभागृहात हशा पिकला. तिने तो संपू दिला. मग टेबलावर मापांची वही ठेवली. "यात चारशे बारा जागांची खोली आहे. गणित या मापांवर उभं आहे. तुम्ही कुठलीही दहा निवडा. ओहोटी आता सुरू आहे, होडी बाहेर उभी आहे. तुमचा माणूस पाठवा, तुमची दोरी पाठवा. एक जरी माप वीतभर चुकलं तरी मी हरकत मागे घेते."

हसू थांबलं. साहेबांनी वही उलटसुलट केली. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण समोर अख्खी वाडी बसली होती आणि ती आता हसत नव्हती. त्यांनी दहा आकड्यांवर पेनाने खुणा केल्या. त्यांचा मोजणीवाला सखारामबरोबर होडीत बसला. दीड तासाने दोघे परत आले. मोजणीवाल्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. दहाच्या दहा मापं बरोबर निघाली. सगळ्यात मोठा फरक होता चार बोटांचा.

साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. ती मागायची पद्धत अजून निघालेली नाही. पण त्यांना इतिवृत्तात लिहावं लागलं: भरीव जेटीचं काम थांबवण्यात येत आहे, खांबांवरील जेटीचा आराखडा करून, नव्याने मोजणी करून पुढील सुनावणी घेण्यात येईल. दर्शनाने तिथेच प्रत मागून घेतली, सही-शिक्क्यासकट. खांबांची जेटी खरोखर होईल की नाही, मला माहीत नाही. भिंत मात्र झालेली नाही. एकवीस होड्या जातात आणि येतात.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा शेवटी उपदेश करणार. करणारच. वस्तू सांभाळा, असं तुम्हाला शाळेत सांगतात. मी म्हणतो, ते अर्धंच सांगतात. हरिश्चंद्राने मला सांभाळलं आणि कोंबडीखाली ठेवलं. सखारामने मला ओवाळलं आणि माझ्या नळ्यांत चिखल भरला. दोघांचाही जीव होता माझ्यावर. म्हणून सांगतो, सायकल असो, घरातला कॉम्प्युटर असो, कुत्रं असो, नाहीतर तुमची आजारी आत्या असो, आपल्याला काय द्यावंसं वाटतं हे नंतर बघा. आधी विचारा, त्याला काय लागतं. त्याला तोंड नसेल तर ज्याला ते काम कळतं त्याला विचारा. विचारायला कमीपणा वाटत असेल तर हात लावू नका. आणि तुम्हाला कळत असेल तर दर्शनासारखं गप्प राहू नका. बरणीत काय घालायचं ते घरात सगळ्यांना सांगा.

परवा पलीकडच्या खाडीवरची तीन माणसं आली होती. मृणाली नावाची एक मुलगी, तिचा बाप आणि आणखी एक बाप्या. त्यांच्याकडेही भिंत येते आहे. मृणालीच्या हातात गाठी मारलेली दोरी होती आणि एक ओली वही.

"किती जागा मोजल्यात?" दर्शनाने विचारलं.

"साठ."

"कमी आहेत. अजून तीनशे मोजून आणा. मग बसू."

मृणालीने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "ओहोटी चारला हाय. चल." आणि ती तिघं उन्हातून निघून गेली.

दर्शनाने मला कॉम्प्युटरच्या मागून बाहेर काढलं, कोरडं पुसलं आणि खालच्या डागावरून बोट फिरवलं. डाग थोडा ओलसर लागला. तिने लगेच मामाला फोन लावला. "मामा, रेडिएटर उद्या शहरात न्यायचाय. डाग पक्का करून आणा. पुढच्या आठवड्यात मोठं काम आहे."